दाम मोजून बद्द आवाज!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर दोष तुमच्या कानांचा नाही. त्या तारांचा गुणच तसा आहे.

पूर्वी त्र्यंबकात पोरं बिघडायची ती रीतसर बिघडायची. केस वाढवायची, जव्हारच्या रस्त्याला मोटरसायकली पळवायची, आणि एखादा अगदीच वाया गेला तर विजेवरची गिटार आणून आख्ख्या आळीची दुपारची झोप मोडायचा. काय झालंय ते घरच्यांना कळायचं आणि उपाय काय तेही कळायचं. मेन स्विच! आता प्रकरण हाताबाहेर गेलंय. आमच्या आळीतला एक पोरगा, घरात पिढीजात पौरोहित्य, दहावीला बरे मार्क, चहापलीकडे व्यसन नाही. त्याने खणखणीत वाजणाऱ्या गिटारीच्या धडधाकट तारा उतरवल्या आणि फ्लॅटवाऊंड नावाच्या तारा चढवल्या. आता ती गिटार बद्द वाजते. बिघडून नव्हे हो, मुद्दाम! साध्या तारांच्या पाकिटाच्या दोन-तीन पट दाम मोजून त्याने आवाजातला टणत्कार काढून घेतला, आणि वर तोंड करून सांगतो की आता कुठे गिटार गिटारीसारखी वाजायला लागली.

शिव शिव! आणि हे कुठे, तर त्र्यंबकात. पहाटे देवळातली घंटा, दिवसभर कुशावर्तावर संकल्प सांगणारे गुरुजी, नारायण नागबळीच्या यजमानांना मारलेल्या हाका, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेल्या दिंड्यांचे टाळ-मृदंग, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांचा रात्रभराचा गजर. या गावात ज्याला आवाज नाही त्याला कुणी विचारत नाही. पूजेची घंटा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी वाजवून बघतं, किती वेळ घुमते ते. आणि आमचा हा चिरंजीव महिनाभर म्हणे न घुमणारी तार शोधत होता.

जरा जवळ या, नेमकं काय केलंय ते सांगतो. गिटारीच्या जाड तारेत आत पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही गुंडाळी गोल तारेची असली की झाली राऊंडवाऊंड. जिकडेतिकडे दिसते ती हीच. तिच्यावरून नख फिरवलं तर खरखर लागते, आणि वाजवताना बोट घसरलं की चिर्रकन ओरडते. फ्लॅटवाऊंडमध्ये गोल तारेच्या जागी धातूची चपटी फीत गुंडाळतात, कडेला कड भिडवून, आणि वरून घासूनपुसून गुळगुळीत करतात. मी बोट फिरवून पाहिलं. तेल लावलेल्या पोळपाटावरून हात निसटावा तसं निसटलं. खरखर गेली, चिरकणं गेलं, इथवर कुणाची तक्रार नाही. पण त्यांच्याबरोबर वरचा सगळा झगमगाटही गेला. तार छेडली की मूळ सुराच्या डोक्यावर बारीक बारीक सुरांची उतरंड उभी राहते, आवाजाला धार येते ती तिच्यामुळे. चपटी तार ताठ, तिच्या कडा एकमेकींना घासणाऱ्या. त्या घासाघाशीत ही उतरंड झटकन विझते. उरतो तो मूळ सूर. गोलसर, जाडसर, अंगाबरोबर बसणारा.

नवी राऊंडवाऊंड तार पहिले काही दिवस चमकते, मग घाम आणि मळ गुंडाळीच्या फटीत बसतो आणि ती मंद होत जाते. गिटारवाले हळहळतात आणि तारा बदलतात. म्हणजे ज्या अवस्थेला पोचल्यावर लोक तार टाकून देतात, तिथून फ्लॅटची सुरुवात होते! नवी कोरी, पाकिटातून काढलेली, आणि पहिल्याच दिवशी निवृत्त.

खरी चहाटळ गोष्ट तर पुढेच आहे. पाकिटात तारा सहा. त्यातल्या सगळ्यात बारीक दोन नुसत्या पोलादाच्या. त्यांना गुंडाळीच नाही, मग गोल कुठली आणि चपटी कुठली! म्हणजे सहांतल्या चारच तारा फ्लॅट, दोन होत्या तशाच. पोराच्या मामांनी हा हिशेब ऐकला तेव्हा त्यांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

आणि घात केलाय तो तिसऱ्या तारेने. नेहमीच्या १० ते ४६ मापाच्या संचात (माप इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात) तिसरी तारही साधी, १७ मापाची, उघडीवाघडी असते. फ्लॅटच्या ११ ते ५० च्या संचात ती २२ ची होते आणि तिलाही पांघरूण मिळतं. आता तिसरी तार म्हणजे गिटारीची रडणारी तार. बोटाने ती वर ढकलायची आणि सूर ओढत ओढत वरच्या सुरावर न्यायचा, याला गिटारवाले बेंड म्हणतात. सिनेमातल्या विरहाचं निम्मं दुःख या एका तारेवर चालतं. गुंडाळलेली तिसरी ढकलायची तर बोटात पैलवानाचं बळ हवं, आणि एवढं करून सूर चढतो तो जेमतेम. पोराचा नाइलाज झाला. त्याने रडणंच सोडून दिलं. आता तो शांतपणे चार-चार सुरांचे घोस वाजवतो आणि त्याला जॅझ म्हणतो. प्रेमभंग झालेल्या त्याच्या मित्राने त्या दिवशी फर्माइश केली तर म्हणाला, "या तारांवर नाही होत रे, तू आधी सावर." मैत्रीची ही तऱ्हा!

आणि ही थेरं कुणाच्या मुलखात चालली आहेत? जवारीच्या! ज्या महाराष्ट्रात मिरज आहे तिथे! सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथे तंबोरे आणि सतारी घडवू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हा सगळा मान कशाचा? झंकाराचा. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासत बसतो, जरा घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग गवई तारेखाली सुती दोरा सरकवतो, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका क्षणी तार उजळते. हीच जवारी. एका तारेतून सुरांचा थवा उठावा म्हणून एवढी खटपट. या मुलखातल्या पोराने तो थवा उडवून लावायला परदेशी पाकीट मागवावं? मिरजेच्या एखाद्या बुजुर्ग कारागिराच्या कानावर हे गेलं तर... नको, कुणी सांगू नका.

दोऱ्यावरून आठवलं. स्पंजाचं कळलं का?

नाही कळलं? मग बसा. तारा बद्द झाल्या तरी पोराचं समाधान होईना. एके सकाळी काकू भांडी घासायला बसल्या तर स्पंज गायब.

"अरे, भांड्यांचा स्पंज पाहिलास का रे कुठे?"

"गिटारीत आहे."

"कशात?"

"तारांच्या खाली, आई. अर्धाच कापलाय. उरलेला मोरीत ठेवलाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला तो हसू लपवायला की संताप, हे शेजारणींना अजून ठरवता आलेलं नाही. पण पोराकडे दाखला तयार होता. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये विजेवरची बास गिटार बाजारात आणली तेव्हा तिच्यावर चपट्याच तारा असायच्या, आणि पुढे घोडीवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली फोमची पट्टी कारखान्यातूनच लावून यायची, तार फार वेळ वाजू नये म्हणून. म्हणजे तारेखाली घोडीपाशी आपल्याकडच्या बुजुर्गांनी दोरा घातला तो झंकार वाढवायला, आणि नेमक्या त्याच जागी गोऱ्यांनी स्पंज कोंबला तो झंकार मारायला. आता बोला!

खर्च आणि उपद्व्याप एवढ्यावर थांबले असते तर पुष्कळ झालं. या तारा जाड, ओढ जास्त. पोराच्या गिटारीची घोडी स्प्रिंगांवर तरंगणारी. तारा ताणल्या तशी ती पुढून उठून उभी राहिली, मग मागचं झाकण उघडून स्प्रिंगा आवळणं आलं. दांडा वाकला, त्याच्या पोटातली सळई पिळणं आलं. खुंट्यांच्या अलीकडे हाडासारखी जी पट्टी असते, तिच्यातल्या खाचा नव्या तारांना अरुंद पडल्या. त्या रुंद करायची बारीक कानस मिळेना, तर हा नाशिकला सराफ बाजारात एका ओळखीच्या सोनाराकडे गेला. सोनाराने विचारलं, "काय घडवायचंय?" आता ज्या कानशीने नथीचे फासे साफ करायचे तिने याने गिटारीच्या खाचा घासून आणल्या. सोनाराने पैसे घेतले नाहीत. असल्या कामाचा भाव त्याच्या पाटीवर नव्हता.

कुणी बिघडवलं म्हणाल तर नावं बाहेर आली आहेत. पहिलं नाव वेस माँटगोमेरी, अमेरिकेतला जॅझ गिटारवाला. हा पिक सोडून नुसत्या अंगठ्याने वाजवायचा. का, तर रात्री घरी सराव करताना शेजारीपाजारी कुरकुरायचे, असं सांगतात. चपट्या जाड तारा, वर अंगठ्याचं मांस, आवाज कसा तर मऊसूत. १९६० च्या एका तबकडीने हा माणूस जगभरच्या गिटारवाल्यांचा गुरू होऊन बसला. शेजाऱ्यांच्या तक्रारीतून घराणं निघालं! आमच्या आळीने एवढी वर्षं तक्रारी केल्या, त्यातून काय निघालं?

दुसरा जेम्स जेमर्सन, डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा बासवादक. साठच्या दशकात त्या कंपनीच्या गाजलेल्या गाण्यांतली कितीतरी या एकट्याच्या बासवर उभी. वाजवायचा एका बोटाने. तारा फ्लॅट, चांगल्या जाडजूड, खाली फोम, आणि तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. वर्षानुवर्षं त्याच तारा, तोच मळ. १९८३ मध्ये तो वारला, त्याच्या थोडंच आधी ती बास चोरीला गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. पोराने हे ऐकल्यापासून गिटार पुसायचं सोडून दिलंय.

पण या दोघांना सोडा, ती जॅझ आणि सोलवाली मंडळी. खरा धक्का तिसऱ्या नावाचा. आयर्न मेडन! काळे टी-शर्ट, भुताची चित्रं, कानठळ्या. त्यांचा बासवादक स्टीव्ह हॅरिस इतकी वर्षं फ्लॅटवाऊंड तारांवर वाजवतोय, आणि त्याच्या नावाचा चपट्या तारांचा संच बाजारात मिळतो. १ फेब्रुवारी २००८ ला या बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केली. विमान चालवायला त्यांचा गायकच. महाराष्ट्रभरातून पोरं खोटी कारणं सांगून गेली होती. लोखंडासारखं संगीत ऐकायला गेलेल्या त्या गर्दीच्या छातीवर रात्रभर आदळत होत्या त्या या गुळगुळीत, म्हाताऱ्या समजल्या जाणाऱ्या तारा. हॅरिस म्हणे त्या दर कार्यक्रमाला नव्या चढवतो. जेमर्सन मरेपर्यंत तारा बदलत नाही, हॅरिस रोज बदलतो, आणि दोघेही फ्लॅटचेच भक्त. एका देवाचे दोन पंथ म्हणायचे आणि गप्प बसायचं.

आता एक बातमी हळू आवाजात. ज्या राऊंडवाऊंड तारांची बाजू घेऊन आपण एवढे तावातावाने बोलतोय ना, त्याच खऱ्या उपऱ्या. पन्नाशीच्या दशकात विजेवरच्या गिटारीवर चपट्या तारा सर्रास असायच्या. रॉकवाल्यांना धार हवी झाली तेव्हा चित्र पालटलं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नी बॉलने बारीक, सहज वाकणाऱ्या तारांचे संच विकायला काढले. इंग्लंडात 'द हू' बँडच्या जॉन एन्टविसलला पियानोसारखी खणखणणारी बास हवी होती, म्हणून तो रोटोसाऊंड कंपनीच्या मागे लागला आणि १९६६ च्या सुमारास त्याच्या मनाजोगत्या गोल तारा तयार झाल्या. तेव्हाचे वडीलधारे नक्की म्हणाले असतील, काय हा कर्कशपणा, चांगल्या गुळगुळीत तारा असताना!

पुरावा हवा? गिटारीच्या पोटातच आहे. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तारांचा आवाज टिपणाऱ्या तिच्या पिकअपमधले सहा लोहचुंबक एका उंचीचे नसतात, त्यातला तिसऱ्या तारेखालचा चांगला वर डोकं काढून असतो. कारण तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असायची, तिचा आवाज दबका, म्हणून चुंबक तिच्या जवळ आणलेला. पुढे तिसरी उघडी झाली, जोरात वाजायला लागली, पण जुन्या धाटणीच्या पिकअपांत तो चुंबक आजही तसाच उंच ठेवतात आणि मग गिटारवाले कुरकुरतात की तिसरी तार फार ओरडते बुवा. पोराची गिटार याच नमुन्याची नक्कल. फ्लॅट चढवल्याबरोबर तिसरीचं ओरडणं बंद झालं आणि सहाही तारा एका पातळीवर आल्या. हे त्याने मला चुंबकावर बोट ठेवून दाखवलं. मी "हं" म्हणालो. यापेक्षा जास्त कौतुक वडीलधाऱ्यांनी करू नये.

तसा हा गाव धक्के पचवण्यात कच्चा नाही. दाजीशास्त्री फाळके यांचा मुलगा धुंडिराज इथलाच, जन्म ३० एप्रिल १८७०. शास्त्र्याच्या मुलाने काय करावं? चित्रकला शिकला, फोटो काढले, छापखाना काढला, फाळके हे आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोग केले, आणि अखेर १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तर उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली! एवढं पचवलेल्या गावाने चार चपट्या तारांसाठी ऊर बडवून घ्यावं? पण घेतोय. फाळक्यांचे सिनेमे निदान मुके होते म्हणून मुके होते. बोलपट आल्यावर त्यांनीही १९३७ मध्ये 'गंगावतरण' बोलका काढला. आवाजाची सोय असताना आवाज कमी करून घेणारा हा पहिलाच.

वाद्यांवर नाकं मुरडण्याचा आपला इतिहासही दांडगा. आज भजनात पेटी नसेल तर बुवा गायला बसत नाहीत, पण या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. परकी, ठोकळ्या सुरांची, मींड न येणारी म्हणून. आणि आपले मराठीच बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री असताना त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली होती. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारलाही गाण्याशी जुळवून घ्यावं लागलं. तेव्हाच्या आज्या त्या गाण्यांतल्या गिटारीला 'टिंगटिंग' म्हणायच्या. आता नातवाने टिंगटिंग बंद केलं तर आज्या म्हणतात, हे कसलं ढबढब.

सगळ्यात कडक निकाल दिला तो बेंजोवाल्या दादांनी. वरातीतला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा. मूळ जपानी वाद्य, १९१२ मध्ये नागोयात निघालेलं. इकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप, अँप्लिफायर आणि भोंगे लागून मिरवणुकीचा राजा झालं. २०१६ मध्ये रवी जाधवांनी त्यावर 'बँजो' हा सिनेमाही काढला. तर दादांनी गिटार हातात घेतली, एक तार छेडली, वाट पाहिली.

"पुढे?"

"संपलं दादा. एवढंच."

"अरे, वरातीत नवरदेवाच्या मागे तीनशे माणूस असतं. शेवटच्या काकाला गाणं कळलं नाही तर तो नाचणार कसा? आणि तो नाचला नाही तर नोटा उडवणार कोण?"

यावर जॅझच्या अख्ख्या इतिहासात उत्तर नाही.

पोराची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आषाढापासून ब्रह्मगिरी दिसेनासा होतो, कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, आणि घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला तांबूस मोहर येतो. गोल गुंडाळीच्या फटीत ओल शिरली की तारा चार पावसातच खरखरीत होतात. चपटीला फटच नाही आणि फीत बहुधा स्टेनलेस पोलादाची, म्हणून ती कितीतरी जास्त टिकते. शिवाय खरखर नसल्याने पडदे कमी झिजतात. मामांनी पुन्हा हिशेब केला, या खेपेला बोटांवर, आणि सुपारी पुढे कातरायला घेतली. मांडीवर आडवी गिटार घेऊन वरून लोखंडी कांडी फिरवणारी हवाईयन गिटारवाली मंडळी तर कांडीची घासर नको म्हणून असल्या तारा कधीपासून वापरतात. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीला बसून गिटारीला रागदारीत प्रतिष्ठा दिली, तेव्हापासून मांडीवरच्या गिटारीला घरोघरी मान आहेच. उभ्या धरलेल्या गिटारीने तेच केलं की बोभाटा.

आणि एकादशीची गोष्ट राहिली. घरी भजन होतं. पेटी, पखवाज, सात-आठ जणांच्या हातात टाळ. पोरगा कोपऱ्यात अँप्लिफायर बारीक करून बसला. जुन्या तारा असताना त्याने असंच एकदा वाजवलं होतं तेव्हा टाळ आणि गिटार यांची वरच्या वर अशी झोंबाझोंबी झाली होती की बुवांनी अभंग मध्येच थांबवून त्याला पाणी आणायला पाठवलं होतं. या खेपेला वरची जागा सगळी टाळांची राहिली, बुवांचा आवाज मधे मोकळा, आणि गिटार खाली पखवाजाच्या धुमेशेजारी जाऊन बसली. वाजतेय हे कळत होतं, कुठे वाजतेय ते शोधावं लागत होतं. मला बरं वाटलं ते. बुवांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी त्याला पाणी आणायला पाठवलं नाही. उलट मधेच एकदा मान त्याच्याकडे वळवून त्यांनी पुढच्या अभंगाचा सूर सांगितला. आळीत याचे दोन अर्थ लावले गेले. बायकांच्या मते बुवांनी पोराला पदरात घेतलं. पुरुषांच्या मते बुवांना हल्ली कमी ऐकू येतं.

साथ पसरतेय म्हणतात. नाशिकरोडला एकाने फ्लॅट लावल्या. दुसऱ्या एकाला धीर झाला नाही, त्याने गोल गुंडाळी वरून घासून अर्धी सपाट केलेल्या तारा आणल्या. ना धड संन्यास, ना धड संसार. बासवाला एक जण तर तारांवर काळ्या नायलॉनची फीत गुंडाळलेला संच शोधत फिरतोय. नायलॉन! पोलादाच्या तारेला पायजमा! यावर मी सध्या काही बोलत नाही, आधी नीट माहिती काढतो.

काकूंची तक्रार मात्र आवाजाची नाहीच, ती नसलेल्या आवाजाची आहे. परवा ओट्यावर गवार मोडता मोडता म्हणाल्या, "आधी डोकं उठायचं खरं, पण पोरगा घरात आहे, सराव करतोय, एवढं तरी स्वयंपाकघरात बसून कळायचं. बोट घसरलं की चिरकायचं, म्हणजे जागा आहे. आता दोन-दोन तास दार लावून आत. वाजवतोय का झोपलाय का मोबाइल बघतोय, आईने समजायचं कसं?"

शेवटी घरात बैठक बसली आणि तोडगा निघाला. तारा राहू द्यायच्या. स्पंज नवा आणून द्यायचा, भांड्यांचा. सरावाच्या वेळी दार उघडं. आणि दर थोड्या वेळाने त्या दोन बिनगुंडाळीच्या बारीक तारा जोरात वाजवून दाखवायच्या, हजेरी म्हणून.